जागतिक मंदी, शेतसारा आणि कर्जनिवारण : खानदेशातील शासकीय उपाययोजनांचा ऐतिहासिक अभ्यास (१९२९ ते १९४७)

प्रस्तावना

१९२९ च्या ऑक्टोबर महिन्यात न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात जी पडझड झाली, तिचे पडसाद दोन-तीन वर्षांतच तापीच्या खोऱ्यातील कापूस उत्पादकाच्या घरापर्यंत पोहोचले. महामंदीचा विचार करताना अमेरिकेतील बेकारी, बंद पडलेल्या बँका आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा 'न्यू डील' कार्यक्रम यांचा उल्लेख अपरिहार्यपणे होतो. त्या मानाने या मंदीचा भारतातील जिल्हा पातळीवरील इतिहास कमी अभ्यासला गेला आहे. खानदेशच्या बाबतीत ही उणीव अधिक जाणवते. नगदी पिकामुळे हा प्रदेश जागतिक बाजाराशी घट्ट जोडला गेला होता आणि मंदीवरील राजकीय उत्तराचा एक महत्त्वाचा मसुदा याच भूमीत, १९३६ च्या फैजपूर अधिवेशनात, संमत झाला.

१९०६ साली जुन्या खानदेश जिल्ह्याचे विभाजन होऊन पूर्व खानदेश (मुख्य ठाणे जळगाव) आणि पश्चिम खानदेश (मुख्य ठाणे धुळे) असे दोन जिल्हे अस्तित्वात आले. आजचे जळगाव, धुळे आणि १९९८ मध्ये स्वतंत्र झालेला नंदुरबार हे तीन जिल्हे स्थूलमानाने या क्षेत्रात मोडतात. प्रस्तुत शोधनिबंधात या क्षेत्राच्या संदर्भात मंदीकालीन शासकीय मदत व सुधारणा यांचे स्वरूप, क्रम आणि मर्यादा तपासण्याचा प्रयत्न करण्यात आला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. मंदीमुळे खानदेशातील शेतकऱ्यावर पडलेल्या भाराचे नेमके स्वरूप स्पष्ट करणे.
२. शेतसारा, पतपुरवठा, बाजार व कर्ज या चार क्षेत्रांतील शासकीय उपायांचा आढावा घेणे.
३. १९३७ ते १९३९ या काळातील लोकनियुक्त मंत्रिमंडळाच्या कायद्यांचे मूल्यमापन करणे.
४. या उपायांच्या कक्षेबाहेर राहिलेल्या घटकांचा शोध घेणे.

गृहीतक

मंदीचे संकट हे भावाचे संकट होते. परंतु शासनाची मदतयंत्रणा पिकाच्या संकटासाठी घडविलेली होती. या विसंगतीमुळे मदत अपुरी ठरली आणि सुधारणा उशिरा आल्या, असे गृहीतक येथे मांडले आहे.

मंदीपूर्व खानदेशची आर्थिक घडण

तापी, गिरणा, पांझरा व बोरी या नद्यांच्या खोऱ्यांतील काळी जमीन हे खानदेशचे वैभव होय. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे या प्रदेशातून गेली आणि भुसावळ हे मोठे जंक्शन बनले. पुढे सुरतेकडून येणारी ताप्ती व्हॅली रेल्वे सुरू झाल्यावर नंदुरबार, अमळनेर या भागांचाही बाजार विस्तारला. जिनिंग व प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. जळगाव, अमळनेर, धुळे व चाळीसगाव येथे कापड गिरण्या निघाल्या. अमळनेरची प्रताप मिल आणि तिचे संस्थापक प्रतापशेठ यांचे नाव खानदेशच्या औद्योगिक व शैक्षणिक इतिहासात एकत्रच घेतले जाते.

व्यापारी परिभाषेत खानदेशचा कापूस 'उमरा' या वर्गात मोडत असे. वऱ्हाड, मध्य प्रांत आणि बार्शी-नगर भागातील कापूसही याच वर्गात येई. आखूड धाग्याच्या या कापसाला लँकेशायरपेक्षा जपानी गिरण्यांची मागणी अधिक होती. त्यामुळे यावल किंवा शिंदखेड्याच्या शेतकऱ्याचा भाव मुंबईच्या कापूस बाजारात ठरे आणि मुंबईचा भाव लिव्हरपूल, न्यूयॉर्क व ओसाका येथील घडामोडींवर हेलकावे खाई.

या नगदी पिकाला पूरक अशी पतव्यवस्था प्रामुख्याने सावकार, अडत्या आणि गावातील सधन शेतकरी यांच्या हाती होती. पेरणीसाठी घेतलेले कर्ज कापूस विकून फेडायचे, ही वहिवाट पहिल्या महायुद्धानंतरच्या तेजीत अधिक पक्की झाली. कापसाला भाव होता म्हणून जमिनीला भाव होता आणि जमिनीला भाव होता म्हणून कर्ज सहज मिळत होते. १९२० च्या दशकातील अनेक गहाणखतांमागे ही भाववाढ कायम राहील असा विश्वास होता.

जमीन महसुलाची पद्धत रयतवारी होती. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यानुसार आकारणी साधारणपणे तीस वर्षांच्या मुदतीसाठी निश्चित होई आणि ती रोख रकमेत वसूल केली जाई. या पद्धतीविरुद्ध असंतोषाची परंपरा खानदेशात जुनी होती. १८५२ साली सर्वेक्षणाच्या विरोधात सावदा-फैजपूर परिसरात रयतेने उठाव केला होता आणि तो लष्कराच्या बळावर मोडावा लागला होता. मंदीकाळात शेतसाऱ्याचा प्रश्न याच परिसरातून पुन्हा राष्ट्रीय व्यासपीठावर आला, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे.

मंदीचा आघात : स्थिर देणी आणि घसरते भाव

मंदीच्या आघाताचे गणित समजण्यासाठी कलकत्ता येथील घाऊक किमतींचा निर्देशांक उपयुक्त ठरतो. जुलै १९१४ ची पातळी १०० धरल्यास हा निर्देशांक १९२९ मध्ये १४१ होता. १९३० मध्ये तो ११६, १९३१ मध्ये ९६, १९३२ मध्ये ९१ आणि १९३३ मध्ये ८७ इतका खाली आला. म्हणजे चार वर्षांत सर्वसाधारण किमती सुमारे ३८ टक्क्यांनी घसरल्या. शेतमालाची, विशेषतः कापसासारख्या निर्यातयोग्य मालाची, घसरण पक्क्या मालापेक्षा अधिक तीव्र होती. शेतकऱ्याला विकायच्या वस्तू स्वस्त झाल्या. विकत घ्यायच्या वस्तू त्या प्रमाणात स्वस्त झाल्या नाहीत.

याउलट शेतसारा, कर्जाचे मुद्दल आणि व्याज ही देणी रुपयांत ठरलेली होती. १९२९ मध्ये शंभर रुपयांचे देणे फेडण्यास जितका माल विकावा लागे, त्याच्या सुमारे १६२ टक्के माल १९३३ मध्ये विकणे भाग होते. हे सर्वसाधारण निर्देशांकावरून काढलेले प्रमाण आहे. केवळ कापसावर विसंबून असलेल्या शेतकऱ्याचा प्रत्यक्ष भार याहून अधिक होता, हे उघड आहे. त्याने कोणतेही नवे कर्ज घेतले नसले, तरी त्याचे कर्ज मालाच्या रूपात दीडपटीहून अधिक झाले होते.

साम्राज्य सरकारच्या चलनविषयक धोरणाने या संकटात भर घातली. १९२७ च्या चलन कायद्याने रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्स असा निश्चित केला होता. हा दर चढा असून त्यामुळे निर्यातदार शेतकऱ्याला कमी रुपये मिळतात, अशी टीका भारतीय व्यापारी व राजकीय वर्तुळातून सातत्याने होत होती. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णपरिमाण सोडले, तेव्हा रुपया स्टर्लिंगशी त्याच दराने बांधून ठेवण्यात आला. सोन्याचा रुपयातील भाव वाढला आणि खेड्यापाड्यांतील दागिने बाजारात येऊ लागले. पुढील काही वर्षांत भारतातून शेकडो कोटी रुपयांचे सोने निर्यात झाले. सरकारी अर्थतज्ज्ञांनी ही निर्यात फायद्याचा व्यवहार म्हणून रंगविली. राष्ट्रीय विचाराच्या अभ्यासकांनी तिला 'विपत्तीचे सोने' म्हटले. सारा भरण्यासाठी मोडलेली पाटली दोन्ही बाजूंच्या आकडेवारीत सारखीच दिसत असली, तरी तिचा अर्थ मात्र दुसऱ्या वर्णनाशी अधिक जुळतो.

शेतसारा आणि आणेवारीची मर्यादा

अशा स्थितीत मदत देण्याचे शासनाजवळील प्रमुख साधन म्हणजे शेतसाऱ्याची तहकुबी व सूट. मुंबई इलाख्यात हे साधन आणेवारीवर आधारलेले होते. पीक चार आण्यांपेक्षा कमी आले तर साऱ्याची पूर्ण तहकुबी, चार ते सहा आण्यांच्या दरम्यान आले तर निम्मी तहकुबी आणि त्याहून अधिक आले तर पूर्ण वसुली, असा सर्वसाधारण दंडक होता. १९१८ चा खेडा सत्याग्रह याच आणेवारीच्या वादातून उभा राहिला होता.

आणेवारी शेतात किती पिकले याचे मोजमाप करते. पिकलेल्या मालाला काय भाव मिळाला, याचा विचार तिच्यात नाही. पाऊस बरा झाला, कापूस बारा आण्यांचा आला आणि बाजारात त्याचे मूल्य निम्म्यावर आले, तर शेतकऱ्याच्या हाती पडणारी रक्कम सहा आण्यांच्या पिकाइतकीच राहते. तरीही महसुली दप्तरात ते वर्ष सुकाळाचे ठरते. दुष्काळाच्या अनुभवावर उभारलेली ही यंत्रणा भावाच्या दुष्काळाची दखल घेण्यास असमर्थ होती. मंदीकाळात मुंबई सरकारने काही प्रमाणात तहकुबी व सुटी दिल्या. परंतु त्या प्रशासकीय कृपेच्या स्वरूपाच्या होत्या. भावाशी सारा जोडण्याचे तत्त्व स्वीकारले गेले नाही.

यामागे वित्तीय कारणही होते. प्रांतिक सरकारचे उत्पन्न प्रामुख्याने जमीन महसूल व अबकारी यांवर अवलंबून होते आणि मंदीत दोन्ही आटत होते. अंदाजपत्रक समतोल ठेवणे हे तत्कालीन राज्यकारभाराचे पहिले सूत्र होते. त्यामुळे उत्पन्न घटले की खर्च कमी करायचा, हा मार्ग अवलंबिला गेला. सरकारी नोकरांच्या पगारात कपात झाली आणि बांधकामे लांबणीवर पडली. खेड्यात पैशाची चणचण असताना शासनाचा खर्चही आखडला गेल्याने मंदीची तीव्रता वाढली.

पतपुरवठा : चौकशी, भूतारण बँक आणि ग्रामसुधारणा

कर्जाच्या प्रश्नाची शासनास जाणीव नव्हती असे म्हणता येत नाही. १९२८ मध्ये शाही कृषी आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला होता. १९२९-३० मध्ये बँकिंग चौकशी समित्या नेमण्यात आल्या. मुंबई प्रांतिक समितीने इलाख्यातील शेतीकर्जाचा अंदाज ८१ कोटी रुपये केला, तर संपूर्ण ब्रिटिश भारतातील ग्रामीण कर्जाचा अंदाज सुमारे ९०० कोटी रुपयांचा होता. हे अंदाज मंदीच्या प्रारंभीचे आहेत. पुढील तीन-चार वर्षांत एकही नवे कर्ज झाले नसते, तरी वर दाखविल्याप्रमाणे या आकड्याचा खरा भार बराच वाढला असता.

दीर्घ मुदतीच्या कर्जासाठी १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात प्रायोगिक स्वरूपात तीन प्राथमिक भूतारण बँका स्थापन झाल्या. भडोच, धारवाड आणि पूर्व खानदेशातील पाचोरा ही ती तीन ठिकाणे होत. पाचोऱ्याच्या निवडीवरून कापूस प्रदेशातील जुन्या कर्जाचा प्रश्न शासनास किती गंभीर वाटत होता, हे दिसून येते. सावकाराचे चढ्या व्याजाचे कर्ज फेडून त्या जागी कमी व्याजाचे, दीर्घ मुदतीचे कर्ज द्यावे, ही कल्पना तत्त्वतः योग्य होती. परंतु भूतारण बँकेचे कर्ज जमिनीच्या मूल्यावर अवलंबून असते आणि मंदीने नेमके तेच मूल्य पाडले. ज्या शेतकऱ्याचे कर्ज जमिनीच्या किमतीच्या जवळ पोहोचले होते, त्याला ही बँक कर्ज देऊ शकत नव्हती. तिचा लाभ तुलनेने सुस्थितीतील खातेदारांपुरता मर्यादित राहणे क्रमप्राप्त होते. प्रांतिक भूतारण बँक १९३५ मध्ये स्थापन झाली, तोवर मंदीचा तळ गाठून झाला होता.

प्राथमिक सहकारी पतसंस्थांची थकबाकी याच काळात वाढली. सहकारी चळवळीच्या पुनर्घटनेसाठी वैकुंठलाल मेहता व भन्साळी यांनी १९३७ मध्ये अहवाल सादर केला. पीककर्जाची विक्रीशी सांगड घालावी, हा विचार यानंतर बळावत गेला. दरम्यान १९३३ मध्ये गव्हर्नर सर फ्रेडरिक साइक्स यांनी ग्रामसुधारणा योजना सुरू केली आणि १९३५ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात ग्रामोन्नतीसाठी एक कोटी रुपयांची तरतूद झाली. विहिरी, रस्ते, स्वच्छता, सुधारित बियाणे असे या कार्यक्रमांचे स्वरूप होते. हे उपक्रम निरुपयोगी नव्हते. मात्र शेतसारा आणि कर्ज या दोन मूळ प्रश्नांना त्यांनी स्पर्श केला नाही.

बाजारातील सुधारणा

शासकीय सुधारणांपैकी खानदेशात लवकर रुजलेली सुधारणा म्हणजे नियंत्रित बाजार. वऱ्हाडातील १८९७ च्या कायद्याचा अनुभव लक्षात घेऊन मुंबई सरकारने १९२७ मध्ये कापूस बाजार कायदा केला. त्याखालील नियंत्रित कापूस बाजाराचा प्रारंभ १९३० च्या सुमारास धुळे येथे झाला. रुमालाखाली बोटे दाबून होणारे सौदे, वजनातील कसर, धर्मादायाच्या नावाखालील कपाती, अडत्याने विक्रेता व खरेदीदार या दोघांचेही हित पाहण्याचा दुटप्पीपणा या प्रथांना आळा घालणे, हा कायद्याचा हेतू होता. बाजार समितीत शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींना स्थान मिळाले, ही त्या काळाच्या दृष्टीने मोठी बाब होती. १९३९ च्या शेतमाल बाजार कायद्याने हे तत्त्व इतर पिकांनाही लागू करण्याची वाट मोकळी केली. आजच्या कृषी उत्पन्न बाजार समित्यांची मुळे येथे आहेत.

नियंत्रित बाजारामुळे असलेल्या भावातील शेतकऱ्याचा वाटा सुरक्षित झाला, पण भाव वाढविणे हे त्याच्या आवाक्याबाहेरचे होते. त्या दृष्टीने १९३४ चा भारत-जपान व्यापार करार खानदेशाला अधिक निकटचा होता. भारताने जपानी कापडावरील जकात वाढविल्यानंतर १९३३ मध्ये जपानी गिरण्यांनी भारतीय कापसावर बहिष्कार टाकला. तडजोडीत जपानी कापडाची आयात आणि भारतीय कापसाची खरेदी यांची सांगड घालण्यात आली. जपानने दहा लाख गाठी घेतल्यास ३२५ दशलक्ष वार आणि पंधरा लाख गाठी घेतल्यास कमाल ४०० दशलक्ष वार कापड भारतात आणता येईल, असे सूत्र ठरले. आखूड धाग्याच्या कापसाला बाजारपेठ टिकून राहण्यास त्याची मदत झाली. याच दशकात जळगावच्या कापूस पैदास केंद्रातून 'जरीला' हे सुधारित वाण पुढे आले आणि खानदेशात त्याचा प्रसार झाला. मंदीला दिलेले हे उत्तर संथ असले तरी टिकाऊ ठरले.

फैजपूर : मागणीचे राजकारण

२७ व २८ डिसेंबर १९३६ रोजी यावल तालुक्यातील फैजपूर येथे पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे काँग्रेसचे पहिले अधिवेशन. धनाजी नाना चौधरी यांच्यासारख्या स्थानिक कार्यकर्त्यांनी त्यासाठी परिश्रम घेतले. त्याच वेळी प्रा. एन. जी. रंगा यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय किसान सभेचे दुसरे अधिवेशनही फैजपूरला झाले आणि सुमारे पाचशे शेतकरी मनमाडहून गावोगावी प्रचार करीत पायी तेथे पोहोचले.

अधिवेशनाने संमत केलेल्या शेतीविषयक कार्यक्रमात सारा व खंड यांत भरीव कपात, न परवडणाऱ्या लहान धारणांना सूट, पाटपाण्याच्या दरात घट, वेठबिगारीचा व बेकायदा वसुलीचा अंत, कर्जवसुलीस स्थगिती, कुळांना स्थैर्य, शेतमजुरांना योग्य मजुरी आणि शेतकरी संघटनांना मान्यता या बाबींचा अंतर्भाव होता. घसरलेल्या भावांचा विचार करून सारा कमी व्हावा, ही मागणी आणेवारीच्या चौकटीबाहेरची होती. जे तत्त्व महसूल खात्याने मान्य केले नव्हते, ते येथे राजकीय कार्यक्रमाचा भाग झाले. १९३७ च्या निवडणुकांत हा कार्यक्रम मतदारांसमोर गेला.

लोकनियुक्त मंत्रिमंडळ आणि त्याची कसोटी

जुलै १९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांच्या नेतृत्वाखाली मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. मोरारजी देसाई महसूलमंत्री व अण्णासाहेब लठ्ठे अर्थमंत्री होते. सव्वादोन वर्षांच्या अल्पावधीत या मंत्रिमंडळाने जंगलातील चराईचे शुल्क रद्द केले, सविनय कायदेभंगात जप्त झालेल्या जमिनी मूळ मालकांना परत करण्याची व्यवस्था केली आणि १९३८ च्या अल्पभूधारक संरक्षण कायद्याने लहान शेतकऱ्यांच्या जमिनींची न्यायालयामार्फत होणारी विक्री तात्पुरती रोखली. १९३९ मध्ये कूळ कायदा, जमीन महसूल कायद्यातील दुरुस्ती आणि शेतकरी कर्जनिवारण कायदा हे तीन महत्त्वाचे कायदे झाले.

मात्र फैजपूरच्या ठरावाची कसोटी खानदेशातच लागली. १९३८ मध्ये पूर्व खानदेशात अतिवृष्टीने पिके बुडाली. साने गुरुजींनी त्याच वर्षी अमळनेरहून 'काँग्रेस' हे साप्ताहिक सुरू केले होते. शेतसारा माफ व्हावा यासाठी त्यांनी गावोगावी सभा घेतल्या, मिरवणुका काढल्या आणि कलेक्टर कचेरीवर शेतकऱ्यांचे मोर्चे नेले. धुळे व अमळनेर येथील गिरणी कामगारांच्या संघटनकार्यातही ते सहभागी होते. मागणी करणारे आणि मागणी ज्यांच्याकडे करायची ते, दोघेही एकाच पक्षाचे होते. फैजपूरला दिलेले वचन पाळा, असे सांगणारा कार्यकर्ता आणि प्रांताची तिजोरी सांभाळणारा मंत्री यांच्यातील हा ताण व्यक्तींच्या स्वभावापुरता नव्हता. दारूबंदीच्या धोरणामुळे अबकारीचे उत्पन्न सोडण्याची तयारी करणाऱ्या मंत्रिमंडळाला जमीन महसुलावर पाणी सोडणे कठीण होते. १९३५ च्या कायद्याने प्रांतांना जबाबदारी दिली होती. उत्पन्नाची लवचिक साधने आणि चलनावरील अधिकार मात्र केंद्राकडेच ठेवले होते.

कर्जनिवारण कायद्याचे अंतरंग

मंदीवरील सर्वांत मूलगामी उपाय म्हणून कर्जनिवारण कायद्याकडे पाहावे लागते. दख्खनच्या १८७५ च्या उठावानंतर झालेल्या १८७९ च्या कायद्याने न्यायालयास दस्तऐवजामागील खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला होता. १९३९ च्या कायद्याने त्यापुढे जाऊन पंधरा हजार रुपयांपर्यंत कर्ज असलेल्या शेतकऱ्यांच्या सर्व कर्जांची एकत्रित तडजोड करण्यासाठी मंडळांची तरतूद केली. १९४७ च्या सुधारित कायद्याने हे काम न्यायालयांकडे सोपविले.

१९४७ च्या कायद्यातील कपातीचे सूत्र विशेष लक्षणीय आहे. १ जानेवारी १९३१ पूर्वीच्या कर्जाच्या येणे रकमेत ४० टक्के, तर त्या तारखेपासून १ जानेवारी १९४० पर्यंतच्या कर्जात ३० टक्के घट करावयाची होती. तेजीच्या काळात घेतलेले कर्ज आणि मंदीत घेतलेले कर्ज यांत कायद्याने भेद केला. घाऊक किमतींचा निर्देशांक १४१ वरून ८७ वर आला, ही घट ३८ टक्क्यांची आहे. १९२९ चे शंभर रुपयांचे कर्ज साठ रुपयांवर आणल्यास मंदीच्या तळाशी असलेल्या भावाने ते जवळजवळ मूळ मालमूल्याइतके होते. कायद्याच्या कलमात असे समीकरण नमूद नसले, तरी ४० टक्क्यांची कपात ही ऋणकोला दिलेली खिरापत नव्हती, हे या तुलनेतून स्पष्ट होते. भावाच्या घसरणीने धनकोच्या पदरात अनायासे पडलेला वाढावा तेवढा ती परत घेत होती. यामुळे 'कर्ज बुडविण्याची सवय लागेल' या तत्कालीन आक्षेपाचे बळ बरेच कमी होते.

प्रश्न होता वेळेचा. नोव्हेंबर १९३९ मध्ये युद्धविषयक धोरणाच्या निषेधार्थ मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. कायद्याची अंमलबजावणी १९४० च्या दशकात, प्रथम निवडक भागांत आणि मग टप्प्याटप्प्याने झाली. तोपर्यंत युद्धकालीन भाववाढ सुरू झाली होती. ज्यांच्याजवळ जमीन व विकण्याजोगा माल शिल्लक होता, ते चढ्या भावाने कर्ज फेडू शकले. ज्यांच्या जमिनी १९३० ते १९३८ या काळात खरेदीखताने वा लिलावाने गेल्या, त्यांच्यासाठी मंडळ आणि निर्देशांक दोन्ही उशिरा आले. सावकारी नियंत्रणाचे विधेयक १९३८ मध्ये चर्चेत आले. कायदा मात्र १९४६ चा आहे. शिवाय कर्जनिवारणाच्या चर्चेनेच सावकारांनी हात आखडता घेतला आणि पर्यायी सहकारी पतपुरवठा तेवढा समर्थ नव्हता. जुने कर्ज कमी करणे आणि नवे कर्ज उपलब्ध करणे या दोन बाजू एकत्र चालल्या नाहीत.

मदतीच्या कक्षेबाहेरील समाज

वरील सर्व उपाय खातेदाराला केंद्रस्थानी मानून आखलेले होते. सातबाराच्या उताऱ्यावर ज्याचे नाव नाही, त्याच्यापर्यंत सारामाफी पोहोचत नाही. खानदेशातील सालदार व रोजंदार यांची मजुरी मंदीत घटली, कामाचे दिवस कमी झाले. तथापि त्यांच्यासाठी फैजपूरच्या ठरावातील उल्लेखापलीकडे ठोस तरतूद झाली नाही. कुळांच्या बाबतीत १९३९ च्या कायद्याने 'संरक्षित कूळ' ही संकल्पना आणली. परंतु तोही प्रारंभी मर्यादित क्षेत्रातच लागू झाला.

पश्चिम खानदेशातील भिल्ल समाजाची स्थिती अधिक बिकट होती. १९३५ च्या कायद्यान्वये नवापूर पेटा, अक्राणी महाल व मेवासी प्रमुखांची गावे 'अंशतः वगळलेले क्षेत्र' म्हणून घोषित झाली. या क्षेत्रांची पाहणी करण्यासाठी मंत्रिमंडळाने डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याची नियुक्ती केली. कर्ज, जमिनीचे हस्तांतरण, वेठ आणि जंगल खात्याशी येणारा संबंध यांचे परखड चित्र त्यांच्या अहवालात आढळते. जमीन हस्तांतरणावर बंधने घालणारी 'नवी शर्त' पूर्वीपासून अस्तित्वात होती. तरीही कागदोपत्री खातेदार राहून प्रत्यक्षात आपल्याच शेतात मजूर झालेल्या आदिवासीला तिचा उपयोग अत्यल्प झाला. शहादा-तळोदा भागात १९७० च्या दशकात उभी राहिलेली आदिवासींची जमीनविषयक चळवळ या प्रदीर्घ प्रक्रियेची फलश्रुती होती.

तुलनात्मक दृष्टिक्षेप

अमेरिकेत १९३३ च्या कृषी समायोजन कायद्याने कापसाचे क्षेत्र घटविण्यासाठी शेतकऱ्यांना पैसे दिले, त्यासाठी उभे पीक नांगरले गेले आणि शेतीकर्जाच्या पुनर्रचनेसाठी स्वतंत्र यंत्रणा उभारली गेली. त्या कार्यक्रमातही जमीनमालकाला मिळालेला लाभ दक्षिणेकडील वाटेकरी कुळांपर्यंत, विशेषतः कृष्णवर्णीय कुळांपर्यंत, पुरेसा पोहोचला नाही आणि अनेकांना शेत सोडावे लागले. यावरून दोन गोष्टी निदर्शनास येतात. पहिली, स्वतःच्या चलनावर व अंदाजपत्रकावर अधिकार असलेले शासन मंदीत भाव व कर्ज या दोहोंत त्वरेने हस्तक्षेप करू शकते. वसाहतीच्या प्रांतिक सरकारला तो अवकाश नव्हता. दुसरी, मदत जमिनीच्या मालकीशी जोडली की जमीन नसलेला मागे राहतो. ही दुसरी मर्यादा सार्वभौम शासनातही टळली नाही.

निष्कर्ष

१. खानदेशातील मंदी हे प्रामुख्याने भावाचे संकट होते. आणेवारीवर आधारित साराव्यवस्थेस त्याचे मोजमाप करता आले नाही. त्यामुळे उत्तम पिकाच्या वर्षीही शेतकरी मदतीस अपात्र ठरत होता.

२. नियंत्रित बाजार, सुधारित वाण व भूतारण बँक या सुधारणा दीर्घकालीन दृष्टीने मोलाच्या ठरल्या. परंतु तातडीच्या मदतीची जागा त्या घेऊ शकत नव्हत्या.

३. फैजपूरच्या कार्यक्रमाने भाव, सारा व कर्ज यांचा परस्परसंबंध प्रथमच व्यापक राजकीय पातळीवर मांडला. सत्ताप्राप्तीनंतर त्याची अंशतः पूर्तता झाली आणि उर्वरित भागासाठी पक्षातीलच कार्यकर्त्यांना आंदोलन करावे लागले.

४. कर्जनिवारण कायद्यातील कपात आर्थिकदृष्ट्या समर्थनीय होती. तिची परिणामकारकता मुख्यतः विलंबामुळे कमी झाली.

५. सालदार, कुळे व आदिवासी हे घटक मदतीच्या रचनेतच दुय्यम राहिले.

स्वातंत्र्योत्तर काळात आणेवारीची पैसेवारी झाली आणि अनेक दशके पन्नास पैशांचा निकष टंचाईच्या निर्णयात निर्णायक राहिला. २००८ ची केंद्रीय कर्जमाफी, महाराष्ट्रातील २०१७ व २०१९ च्या कर्जमाफी योजना यांतही पात्रतेची तारीख, थकबाकीची मर्यादा आणि खातेदाराची नोंद हेच वादाचे मुद्दे ठरले. पीक भरघोस येऊनही कापसाचा किंवा केळीचा भाव कोसळल्यास शेतकऱ्याचे नुकसान कोणत्या रकान्यात नोंदवायचे, हा १९३१ चा प्रश्न महसुली दप्तरात आजही पूर्णतः सुटलेला नाही. मदतीचे धोरण आखताना पिकाबरोबर भावाची आणि खातेदाराबरोबर कसणाऱ्याची नोंद घेतली जावी, ही खानदेशच्या मंदीकालीन इतिहासाची प्रमुख शिकवण होय.